काडतूस : एक शब्द आणि एक वस्तू

दारूच्या शस्त्रांसंबंधीची मराठी शब्दावली तपासू लागले असता एक गोष्ट सहज नजरेत भरते. या शब्दावलीतील नामे बहुतेक परकीय आहेत. क्रियापदे मात्र बव्हंशी घरची आहेत. ‘बंदूक’ अरबीतून आली, ‘तोफ’ तुर्कीतून, ‘दारू’ फार्सीतून. ‘पिस्तूल’ युरोपीय. परंतु बंदूक आपण भरतो, ठासतो, रोखतो, उडवितो, गोळी झाडतो. वस्तू बाहेरून आली आणि तिच्याशी करावयाचा व्यवहार इथल्या हातांनी आपल्याच शब्दांत सांगितला, असा हा प्रकार आहे. ‘बार’ हा शब्द तेवढा अपवाद. फार्सीत त्याचा अर्थ ओझे असा आहे. बंदुकीत जे ‘भरावयाचे’ ते ओझेच, ही कल्पना युरोपीय भाषांतही आढळते.

या नामांपैकी पुष्कळांच्या मुळाशी अगदी घरगुती वस्तू आहेत, हेही मनोरंजक आहे. ‘बंदूक’ या शब्दाचे मूळ एका कवचीच्या फळात सापडते. काळ्या समुद्राकाठच्या पोंटस प्रांतावरून ग्रीकांनी त्या फळाला नाव दिले, ते अरबीत ‘बुंदुक’ झाले, तेथे त्याचा अर्थ फळाएवढी गोळी असा पसरला आणि शेवटी गोळी सोडणाऱ्या साधनालाच ते नाव मिळाले. फार्सी ‘दारू’ म्हणजे औषध. चिनी भाषेतही स्फोटक चूर्णाला ‘अग्नी-औषध’ अशा अर्थाचा शब्द आहे. तेव्हा सोरा, गंधक आणि कोळसा यांचे हे मिश्रण प्रथम औषधी द्रव्यांच्या कपाटातून बाहेर पडले, याची आठवण दोन दूरच्या भाषांनी जपून ठेवली आहे. ‘काडतूस’ या शब्दाच्या मुळाशी अशीच एक साधी वस्तू आहे : कागद.

ग्रीक ‘खार्तेस’, लॅटिन ‘कार्ता’, इटालियन ‘कार्तोच्चो’ म्हणजे कागदाची सुरळी किंवा पुडी. त्यावरून फ्रेंच ‘कार्तुश’, पोर्तुगीज ‘कार्तुशु’ आणि इंग्रजी ‘कार्ट्रिज’, अशी ही परंपरा आहे. आपल्या भाषांत हा शब्द पोर्तुगीजांकडून आला असे सामान्यतः मानले जाते. त्या मताला परिस्थितीचा आधार मोठा आहे. पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांची वस्ती आणि त्यांची शस्त्रे सोळाव्या शतकापासून होती. तथापि ध्वनीच्या दृष्टीने पाहिले तर थोडे थांबावेसे वाटते. पोर्तुगीज ‘च’ चा उच्चार पूर्वी चकाराचाच होता आणि जुन्या उसनवारीत तो तसाच टिकला आहे. ‘चावी’ हे त्याचे ठळक उदाहरण. शकारसदृश उच्चार त्या भाषेत पुढे रूढ झाला. ‘काडतूस’ मध्ये चकार नाही, सकार आहे, आणि शेवटी स्वरही नाही. म्हणजे हा शब्द पोर्तुगीजच असेल तर तो ‘चावी’ इतका जुना नसावा. उलट फ्रेंच ‘कार्तुश’ हा शेवटच्या व्यंजनासह हिंदी ‘कारतूस’ शी जवळजवळ तंतोतंत जुळतो. अठराव्या शतकात फ्रेंच पद्धतीची कवायती पायदळे दक्षिणेत उभी राहिली, बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान पुढे पेशव्यांच्या चाकरीत आला, ‘गारदी’ हा शब्दही त्याच वातावरणात मराठीत रुजला. पुढे महादजी शिंद्यांच्या पदरी १७८४ पासून द बॉयन्यने कवायती पलटणी बांधल्या. कवायत आणि काडतूस ही जुळी भावंडे आहेत. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही. म्हणून ‘काडतूस’ हा शब्द किनाऱ्यावरच्या व्यापारातून येण्यापेक्षा पलटणीच्या कवायतीतून आला असावा, असे मानण्याकडे माझा कल आहे. मराठीतील ‘र’ चा ‘ड’ मात्र आपला स्वतःचा. त्यामागे ‘काडी’ या परिचित शब्दाची ओढ असावी. बारीक, लांबट, हातात धरण्याजोगी वस्तू ती.

कवायतीशी असलेले हे नाते नीट समजण्यासाठी काडतूस म्हणजे काय, हे आधी समजले पाहिजे. आज या शब्दाने पितळेची नळी डोळ्यांपुढे येते, तीत दारू, गोळी आणि पेट घेणारी टोपी एकत्र बसविलेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तसे काही नव्हते. ठासणीच्या बंदुकीचे काडतूस म्हणजे मोजलेली दारू आणि एक गोळी यांची कागदात बांधलेली पुडी. ते बंदुकीत बसवीत नसत; ते फोडून बंदुकीत रिकामे करीत. सैनिकाने डाव्या हाताने नळी धरावयाची, उजव्या हाताच्या अंगठा व तर्जनी यांत पुडीचे टोक धरून ते तोंडाशी न्यावयाचे, दातांनी फाडावयाचे, दारू नळीत ओतावयाची, गोळी सोडावयाची आणि गजाने ठासावयाचे. एक हात बंदुकीत अडकलेला असल्यामुळे दात हा सैनिकाचा तिसरा हात होता. युरोपातील सैन्यांत समोरचे दात नसलेला उमेदवार पायदळाला नालायक ठरे, तो यामुळे. दातांनी काडतूस फाडण्याची ही रीत कंपनीच्या हिंदी शिपायांना १८५७ च्या कितीतरी आधीपासून अंगवळणी पडलेली होती. सत्तावनच्या प्रश्नाचा विचार करताना ही गोष्ट वारंवार विसरली जाते. परीक्षांच्या उत्तरपत्रिकांत तर ‘नवीन बंदुकीची काडतुसे दाताने तोडावी लागत’ हे वाक्य असे येते की, जणू दात प्रथम त्या वर्षीच वापरात आले.

मग नवे काय होते? नवी होती ती बंदुकीची नळी.

जुन्या पायदळी बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, तिचे तोंड सुमारे ०.७५ इंच, आणि गोळी बरीच लहान, सुमारे ०.६९ इंच. गोळी नळीतून खुळखुळत खाली जाई. भरणे सोपे, पण नेम शंभर यार्डांपलीकडे जवळजवळ निरर्थक. नळीत पेचदार खाचा पाडल्या तर गोळी फिरत जाते व सरळ जाते, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण अशी की, खाचांना गोळीने घट्ट धरावे म्हणून ती नळीएवढीच मोठी हवी, आणि तेवढी मोठी गोळी तोंडाकडून आत घालणे कष्टाचे. कॅप्टन नॉर्टन याने १८२० नंतरच्या काळात यावर विचार केला. दक्षिण हिंदुस्थानातील फुंकनळीच्या बाणाच्या बुडाशी असलेला कमळाच्या गाभ्याचा मऊ बोळा फुंकर बसताच फुगून नळीला घट्ट बसतो, हे पाहून त्याला बुडाशी पोकळ असलेल्या गोळीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. फ्रेंच अधिकारी मिन्ये याने १८४९ च्या सुमारास ती कल्पना व्यवहारात आणली. गोळी नळीपेक्षा किंचित लहान; ती सहज आत जाते; दारू पेटताच बुडाची पोकळी फुगते आणि शिसे खाचांत रुतते.

१८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल याच तत्त्वावर बांधलेली होती. नळीचे तोंड ०.५७७ इंच, लांबी ३९ इंच, आत तीन खाचा. ७८ इंचांत एक पूर्ण फेरा, म्हणजे नळीतून बाहेर पडेपर्यंत गोळीला अर्धा फेरा मिळे. प्रिचेटच्या गोळीचा व्यास ०.५६८ इंच, वजन ५३० ग्रेन, आपल्या हिशेबाने जवळजवळ तीन तोळे. दारू अडीच ड्रॅम, म्हणजे साधारण साडेचार मासे. गोळी आणि नळी यांच्यातील फट इंचाच्या हजारांश भागांत मोजावयाची. जुन्या बंदुकीतील फटीचा ती सहावा हिस्साही नव्हे. आणि याच चिंचोळ्या फटीत पुढचा सगळा अनर्थ दडलेला होता.

कारण काळी दारू स्वच्छ जळत नाही. पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक या प्रमाणात केलेली दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घन अवशेष म्हणून उरतो. काही धुरातून बाहेर जातो, उरलेला नळीला आतून चिकटतो. कोरड्या हवेत त्याची कठीण पुटे बसतात. जुन्या खुळखुळत्या गोळीला त्याची फारशी पर्वा नव्हती. हजारांशांच्या फटीला ती करावी लागे. काही बार उडाल्यावर कोरडी गोळी मध्येच अडकू लागते आणि गज हातोडीसारखा मारावा लागतो. अमेरिकेत १९५० पासून ‘नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन’सारख्या मंडळांत आणि इतरत्रही हौशी नेमबाज ठासणीच्या रायफलींतून काळी दारू वापरून नेम मारतात. त्यांनाही पहिला पाठ हाच शिकावा लागतो की, स्नेह नसेल तर नळी चालत नाही. स्निग्ध पदार्थ त्या अवशेषाला मऊ ठेवतो आणि पुढची गोळी जाता जाता तो खाली पुसून नेते. तेव्हा एन्फिल्डच्या काडतुसाला चरबी लावणे ही कोणाची लहर नव्हती. ती त्या यंत्राची गरज होती. गरज स्नेहाची होती. तो चरबीचाच असावा, ही गरज नव्हती, आणि वादाचे मूळ येथे आहे.

आता त्या काडतुसाची रचना पाहू. एका दांडीवर जाड कागदाची नळी गुंडाळीत, तीवर दुसरा कागद, त्यात दारू. गोळी दारूकडे टोक करून ठेवीत, म्हणजे तिचे पोकळ बूड बाहेरच्या बाजूस येई. या दोहोंना मिळून बाहेरून तिसरा कागद गुंडाळला जाई. दारूकडचे टोक पिळून बंद करीत आणि गोळीकडचे टोक वितळलेल्या चरबी व मेणाच्या मिश्रणात बुडवीत. शिपायाने पिळलेले टोक फाडावयाचे, दारू ओतावयाची, मग काडतूस उलटे करून गोळीकडचे चरबीचे टोक नळीत सारावयाचे, वर उरलेला कागद मोडून टाकावयाचा आणि गोळी तिच्या कागदी वेष्टनासह ठासावयाची. ती फट भरून काढण्याचे काम कागद करी.

या रचनेवरून एक गोष्ट उघड होते. जे टोक दातांत धरावयाचे त्याला चरबी नव्हती. चरबी होती ती दुसऱ्या टोकाला. हा तपशील हाती लागला की काही लेखक प्रश्न मिटला असे समजतात : शिपायांची समजूत तांत्रिक अज्ञानातून आली, एवढेच. मला हे मत उथळ वाटते. एक तर पुडीची लांबी बोटाएवढी. ती दहा-दहांच्या जुडग्यात बांधलेली आणि कमरेच्या पेटीत हिंदुस्थानच्या उन्हाळ्यात बाळगलेली. अशा स्थितीत वितळलेली चरबी आपल्याच टोकाला राहते, असे कोण म्हणेल? दुसरे म्हणजे, दारू ओतून काडतूस उलटे करताना बोटे त्याच टोकाला लागणार. आणि विटाळाची कल्पना दातांपुरती कधीच नव्हती. जो स्पर्शाने बाटतो त्याला ‘तोंडात चरबी जात नाही’ हा खुलासा देणे म्हणजे प्रश्न न समजल्याची कबुली देणे होय.

चरबी कोणत्या प्राण्याची होती, हा दुसरा प्रश्न. येथे पुरावा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १८५३ मध्ये विलायतेहून काही स्निग्ध काडतुसे हवामानाच्या परीक्षेसाठी हिंदुस्थानात आली, तेव्हाच बंगाल सैन्याचा अॅडज्युटंट जनरल कर्नल टकर याने इशारा दिला होता की, हिंदी शिपायांच्या हाती देण्यापूर्वी या स्नेहात आक्षेपार्ह काही नाही याची खात्री करून घ्यावी. इशारा दप्तरात पडून राहिला. १८५६ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हा चरबी मक्तेदाराकडून घेण्यात आली आणि ती कोणत्या प्राण्याची असावी अशी अटच घातली गेली नाही. नंतर चौकशी झाली तेव्हा ती गाईची नव्हती असे कोणालाही छातीठोकपणे सांगता आले नाही. वस्तुतः दोन खाचांच्या आधीच्या रायफलीत गोळीभोवतीच्या चिंधीला मेण व तेल लावण्याची पद्धत हिंदी पलटणींत होतीच. तिजबद्दल कोणी तक्रार केली नव्हती. म्हणजे शिपाई ‘स्नेहा’ला भीत नव्हते. ज्याचे मूळ सांगता येत नाही अशा चरबीला ते भीत होते, आणि त्यांच्या शंकेचे उत्तर सरकारपाशी नव्हते. अशा शंकेला अंधश्रद्धा म्हणणे इतिहासलेखकाला शोभत नाही.

पुढचा घटनाक्रम सर्वश्रुत आहे, म्हणून तो थोडक्यात देतो. २२ जानेवारी १८५७ रोजी दमदम येथील शिपायांची कुरबुर लेफ्टनंट राइट याने वरिष्ठांना कळविली. (दमदम या गावाचे नाव तोफांसाठी रचलेल्या उंचवट्यावरून, म्हणजे आपल्या ‘दमदमा’ या शब्दावरूनच पडले, असे सामान्यतः मानतात.) २७ जानेवारीला सरकारने चरबीविरहित काडतुसे देण्यास आणि स्नेह शिपायांनी स्वतःच्या पसंतीचा लावण्यास अनुमती दिली. सरकारच्या दृष्टीने प्रश्न संपला.

तो संपला नाही, याचे कारण मला त्या वस्तूच्या नावातच दिसते. संशय चरबीवरून कागदावर गेला. नव्या कागदाला झिलई होती. तो जाळून पाहिला तर तुपकट पदार्थासारखा चरचरतो, अशा साक्षी फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत झाल्या. चरबी काढून टाकता येते. काडतुसातून कागद काढला तर काडतूसच उरत नाही. २६ फेब्रुवारीला बऱ्हाणपूर नव्हे, बंगालमधील बहरामपूर येथे १९ व्या पलटणीने जी काडतुसे नाकारली ती एन्फिल्डची नव्हतीच. ती जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची होती. त्या साठ्यात दोन निरनिराळ्या कागदांची काडतुसे होती, एवढे कारण पुरले. मार्चच्या आरंभी कवायतीत बदल करून काडतूस दातांऐवजी हाताने फाडावे असे ठरले. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे याचे प्रकरण घडले. आणि २४ एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळाचा कर्नल कार्मायकेल-स्मिथ याने ही हाताने फाडण्याची नवी सवलत दाखविण्यासाठीच नव्वद स्वारांना उभे केले. काडतुसे जुन्याच प्रकारची, त्यांना नित्य परिचयाची. पंच्याऐंशी जणांनी ती घेतली नाहीत. ९ मे रोजी त्यांना भर संचलनात बेड्या ठोकल्या; १० मे रोजी मेरठ पेटले.

या क्रमातील विपर्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रत्येक सवलतीने संशय घटण्याऐवजी वाढला. आधी निर्दोष म्हटलेली वस्तू सरकार बदलते, याचा अर्थ आधी तीत दोष होता; मग आताच्या वस्तूवर विश्वास का ठेवावा? शिपायांचा हा तर्क त्यांच्या बाजूने पाहता निर्दोष होता. १८०६ मध्ये वेल्लोरला शिरपेचातील कातड्यावरून जे घडले होते तेही सरकारने विसरावयास नको होते. काडतुसे हे केवळ निमित्त, खरी कारणे अन्यत्र, हे मत १९५७ च्या शतसांवत्सरिक लेखनात पुष्कळदा मांडले गेले. राज्ये खालसा झाली, अयोध्येचे राज्य १८५६ मध्ये गेले, भत्ते कमी झाले, ही कारणे कोणी नाकारीत नाही. परंतु ‘निमित्त’ या शब्दाने आपण त्या वस्तूचा अभ्यास टाळतो. निमित्त म्हणून दुसरे काहीही चालले असते असे मानण्यास आधार नाही. जी वस्तू रोज, प्रत्येक शिपायाच्या, ब्राह्मणाच्या तशीच मुसलमानाच्या, बोटांना आणि ओठांना लागत होती, अशी दुसरी कोणती वस्तू त्या सैन्यात होती?

महाराष्ट्रात ही वार्ता कशी पोचली याची एक अमोल साक्ष आपल्या भाषेत आहे. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले असता वाटेत शिपायांच्या तोंडून त्यांनी काडतुसांची कथा ऐकली, आणि ‘माझा प्रवास’ मध्ये ती चौऱ्याऐंशी कलमांच्या हकिकतीला जोडून दिली. ऐकीव मजकूर म्हणून इतिहासकार तिला बाजूला ठेवतात. मला तिचे मोल नेमके ऐकीवपणात वाटते : तांत्रिक तपशील गळून गेल्यावर लोकांच्या मनात काय उरले, हे ती सांगते. विद्यार्थ्यांना एवढीच सूचना की, भाषेच्या अभ्यासासाठी चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेली आवृत्ती पुरेशी नाही. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये सिद्ध केलेली प्रत पाहावी. वैद्यांनी मजकुरावर संपादकीय हात बराच फिरविला आहे, आणि शब्दांच्या इतिहासात फिरविलेला हात पुरावा पुसून टाकतो.

एन्फिल्डचे काडतूस पुढे थोडेच टिकले. हिंदुस्थानच्या उष्म्यात ०.५६८ इंचाची गोळी अडकते असा अनुभव इंग्रज पलटणींनाच आल्यावर गोळीचा व्यास ०.५५ इंचावर आणला गेला, आणि चरबीतील आम्लांचा शिशावर होणारा परिणाम पाहून खुद्द इंग्लंडातही शुद्ध मेणाचा वापर रूढ झाला. जे शिपायांच्या समाधानासाठी आधी सुचले नाही ते शिशाच्या रक्षणासाठी सुचले! १८६६ मध्ये कर्नल बॉक्सरचे धातूचे काडतूस आले, बंदूक मागच्या बाजूने भरली जाऊ लागली, आणि दात, गज व कागद यांचे काम संपले. १८७१ च्या मार्टिनी-हेन्रीत ८५ ग्रेन काळी दारू पितळेच्या नळीत भरलेली असे. नाव मात्र कागदाचेच राहिले.

मराठीने या बदलाची नोंद एका निराळ्या शब्दाने केली आहे. कागदी काडतूस उडाल्यावर मागे काही उरत नसे. धातूचे उडाल्यावर रिकामी नळी उरते. तिला वृत्तपत्रे आणि पोलीसांचे पंचनामे ‘पुंगळी’ म्हणतात. न उडालेल्याला ‘जिवंत काडतूस’, हे दुसरे नाव इंग्रजीवरून उघड उघड बेतलेले. ‘पुंगळी’ हा शब्द मात्र घरचा आहे आणि कागदाच्या सुरळीलाही आपण तोच लावतो. इटालियनांनी ‘कार्तोच्चो’ म्हणून ज्याचा निर्देश केला त्याच वस्तूचे नेमके मराठी नाव आपल्यापाशी आधीपासून होते. कवायती पलटणींच्या काळी ते कोणाला सुचले नाही; कागद गेल्यावर पितळेला लागले.